अख्खा ट्रक

बागेतल्या मेरी-गो-राउंडसाठी वर्षभर खपून घडवलेले लाकडी घोडे पोचवायला मी जाऊन-येऊन अख्खा ट्रक ठरवला. दुसऱ्यांच्या मालाबरोबर पाठवले, तर वाटेत जागोजागी उतरवतात, आदळतात. शिवाय घोड्यांमध्ये मोकळी जागा हवीच. मी बसने पुढे गेले. "वहिनी, ट्रकचं मी बघतो," दीर म्हणाले. बागेपाशी ट्रकचं दार उघडलं, तर घोड्यांच्या मधोमध दिरांचा जुना फ्रिज! सासुरवाडीला द्यायला आणलेला. ब्रेक लागताच तो घसरला होता, आणि सगळ्यात देखण्या घोड्याचा कान तुटला होता. "निम्मा ट्रक रिकामाच येत होता, वहिनी. वाया कशाला घालवायचा? कानच गेलाय ना? चिकटवू!" कान मुठीत आवळून मी घोडे उतरवून घेतले, मग फ्रिजही रस्त्यावर ठेवायला लावला. निघताना दीर केबिनमध्ये चढू लागले. "थांबा, भावोजी. अख्खा ट्रक माझाय. मला तो रिकामाच न्यायचाय."