मोठे दिवे

“मांजरीचं शेपूट दाबल्यावानी काकाचा आवाज निघते, अन् आपण माना डोलवाच्या,” ढोलकीची दोरी ओढता ओढता रतनसिंग पुटपुटला.

शेजारीच मिक्सर मांडून बसलेल्या सिताराने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. ती माइकवरचा फोम पुसत होती. कालच्या लग्नात नवरदेवाच्या मामाने याच माइकमध्ये चार गाणी म्हटली होती, गुटख्यासकट. दोनदा साबणाने धुतला तरी वास जात नव्हता. 

पण खरी किळस फोमची नव्हती.

नवऱ्याच्या, शफीकच्या, कमरेत गॅप पडला तेव्हापासून मिक्सर तिच्या हाती आला होता. बटणं फिरवून फिरवून ती सगळं आपलं आपण शिकली. एकच गोष्ट तिला दुसऱ्याने शिकवली, ती रिसोडच्या या मंदिराच्या उत्सवात, तीन वर्षांपूर्वी, उत्सवाचं सगळं बघणाऱ्या सन्मतीने.

आत्ताही तो वाकून तिच्या कानाशी आला. “भाभी, बाबूजीचं नेहमीसारखंच.”

“म्हणजे बाहेर बंद, डब्ब्यात चालू.”

“हळू बोला ना! यंदा तं त्यायनं सोताच पद रचलं. बाहेर गेलं तं इज्जत जाईन.”

फूलचंदकाका म्हणजे सन्मतीचे वडील. पदाची पहिली ओळ ते एकटेच म्हणत, ना पेटी ना ढोलकी. मग बाकीचे ती उचलत. सिताराने करायचं एवढंच, की मिक्सरवरची काकांच्या माइकची पट्टी खाली ओढायची. मंडपातल्या भोंग्यांतून त्यांचा आवाज बंद. पण त्याच माइकचं ऑक्सचं बटण उघडं ठेवायचं. ऑक्सची वाट निराळी. पट्टी खाली असली तरी आवाज त्या वाटेने काकांच्या पुढ्यातल्या डब्ब्यात, म्हणजे छोट्या स्पीकरमध्ये, जातो, फक्त तिथेच. काकांना वाटावं, सारं गाव ऐकतंय. मागच्या रांगांना वाटे, काका पहिली ओळ मनातल्या मनात म्हणतात.

आणि कार्यक्रम संपला की सगळे पाया पडायला रांग लावत. “काका, काय गळा हाये!” सिताराला त्या वाहवाची किळस येई. त्याहून जास्त स्वतःच्या बोटाची.

धापूबाईंचा हात धरून काका आले.

“काका, डब्बा जवळ सरकवू का?” सिताराने वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. धापूबाईंनी नवऱ्याचं उपरणं ओढलं, तोंडासमोर येऊन तेच विचारलं, तेव्हा कुठे उत्तर आलं. “डब्बा राहू दे कुठीबी. मशीन इकडे फिरव, बेटा. मले दिसलं पायजे.”

शेटजीचा माज, सिताराच्या मनात आलं. बाईच्या हाती मशीन, म्हणून पहारा. पहिल्या वर्षी म्हाताऱ्याने कोणता दिवा कशाचा, ते विचारलं होतं. ती सांगत होती तर, “लिहून दे,” म्हणाला, कोर्टाचा कागद असल्यासारखं. तिने चिठ्ठीवर लिहून दिलं. पट्टीवरचे बारके दिवे ज्याच्या त्याच्या माइकचे. उजवीकडचे दोन मोठे, उभे, बाहेर जाणाऱ्या आवाजाचे.

“आज तरी मोठे दिवे लागू दे,” काका म्हणाले. दरवर्षी म्हणत. म्हाताऱ्याला रोषणाईची हौस, असं ती समजे.

ते बैठकीवर गेल्यावर धापूबाई रेंगाळल्या. “यंदाचं शेवटचं म्हणते माय. सा महिने लिहून राह्यले ते पद. पुढच्या वर्षी बसणार नाही म्हणते.”

 सिताराने पट्टी खाली ओढली.

काकांनी पहिली ओळ घेतली. माणूस देवाचं म्हणताना डोळे मिटतो. हा बाबा टक्क उघडे ठेवून तिच्या मिक्सरकडे बघत होता. त्याचे बारके दिवे हिरवे नाचत होते. मोठे विझलेले. पुढच्या रांगेत पंख्यांच्या घरघरीपलीकडे काही पोचत नव्हतं, तरी लोक पेढे चघळत माना डोलवत होते. एकाच्या मिशीला खव्याचा कण लागला होता, आणि तो “वा! वा!” म्हणत होता. रतनसिंग ढोलकीत तोंड घालून हसत होता.

सिताराने पट्टीकडे पाहिलं. सहा महिने लिहिलेलं पद, आणि तिचं एक बोट त्यावर ठेवलेलं.

काकांनी ओळ पुन्हा घेतली. तिने पट्टी वर ढकलली.

भोंगे गरजले. आवाज फाटका होता, एका सुरावर ठरत नव्हता, उतरायच्या जागी चढत होता.  पेढ्यावरची तोंडं थांबली. मागे कुणीतरी खुदकन हसलं. सन्मती मिक्सरकडे धावला.

अर्ध्या ओळीत काका थांबले.

ऐकला म्हाताऱ्याने स्वतःचा आवाज, सिताराला वाटलं.  सन्मती तिथूनच हात जोडून म्हणाला, “बाबूजी, मशीन बिघडली हो, मशीनचा आवाज हाये तो...”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर मिक्सरच्या उजव्या कडेला होती. डोळे भरून आले होते. त्यांनी माइक जवळ ओढला.

“लय उपकार, बेटा. तीन वर्षं मी एकटा म्हणो, तवा माहे बारके तेवढे लागत. मोठ्याइचा आंधार. आज लागले.”

मग ते लोकांकडे वळले.

“आता सांगा बरं कोणीतरी खरं खरं, बेसूर हाये का? मले तं चार वर्षांपासून काहीच ऐकू येत नाही.”