मागची शिवण

ड्रायव्हरने चार पँटी शिंप्याच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "मास्तर, सगळ्या आत घ्या. चांगल्या दोन-दोन इंच."

पाचवी त्याच्या अंगावर होती. पट्टा आवळल्यामुळे तिला कमरेपाशी इतक्या चुण्या पडल्या होत्या, की पँट थोरल्या भावाची उसनी आणल्यासारखी दिसत होती. बायको मागे स्टुलावर बसली होती. तिचं लक्ष पँटींकडे नव्हतं. भिंतीवरच्या आरशातून ती नवऱ्याला न्याहाळत होती.

"केलंत तरी काय?" मास्तरांनी त्याच्या कमरेभोवती टेप फिरवली.

"शंभर दिवसांचा नेम. डेपोत ठरला होता. पहाटे साडेपाचला तासभर चालायचं, साखर बंद, रात्री आठनंतर तोंडाला कुलूप. अकरा जणांनी सुरू केला. शेवटपर्यंत टिकलो मी एकटा."

हे त्याने आतापर्यंत कंडक्टरला, मेकॅनिकला आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला सांगून झालं होतं. तरी सांगताना अजून मजा येत होती.

"रक्तातली साखरही उतरली," तो म्हणाला. "दोन महिन्यांनी मेडिकल आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढच्या खेपेला असंच निघालं तर गाडी बंद. तिकीट खिडकीत बसायचं."

बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. तिकीट खिडकीचं नाव काढताना त्याचा आवाज खाली आला.

मास्तरांनी एक पँट उलटी केली.

"आणि आतलं ते जादा कापड असतं ना, ते कापूनच टाका," ड्रायव्हर म्हणाला.

मास्तरांनी कात्री उचलली नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मागची शिवण उजेडात धरली. शिवणीच्या बाजूने सुईच्या बारीक भोकांच्या दोन ओळी गेल्या होत्या.

"ही ओळ दिसते? पोहायला जायला लागला होतात तेव्हाची. आत घेतली आणि पाच महिन्यांनी उसवली. ही दुसरी, रात्रीचं जेवण सोडलं होतंत तेव्हाची. ती तर तीनच महिन्यांत उसवली. आत कापड होतं म्हणून पँट वाचली."

"म्हणूनच कापा म्हणतोय. परतीचे दोरच नकोत."

"कात्री कापडावर चालते, ड्रायव्हरसाहेब. पोट कुठे तिला भितंय?"

बायकोला हसू आलं. मग ते आपोआप विरलं.

"मास्तर, यांचा नेम कधी संपला ते विचारा."

"रविवारी," ड्रायव्हरच म्हणाला.

"आज गुरुवार. चार दिवस यांचे बूट दाराशी आहेत तसेच आहेत. मी साडेपाचला उठवते, हे कूस बदलतात." तिने आवाज चढवला नव्हता. "शंभर दिवस मला वाटत होतं, सुटलो एकदाचे. आता आधीपेक्षा जास्त भीती वाटते."

"अगं, जरा अंग मोकळं होऊ दे. सोमवारपासून परत..." त्याने समोर आरशात पाहिलं आणि वाक्य अर्धवट सोडलं.

"मला जाग येते," तो शेवटी म्हणाला. "रोज येते. तू हाक मारायच्या आधीच येते. पण कशासाठी उठायचं तेच कळत नाही. आधी आज नव्वदावा, आज एक्याण्णवावा, असं म्हणत उठायचो. आता नुसतंच उजाडतं."

हे तो बायकोलाही पहिल्यांदाच सांगत होता. तिने आरशातली नजर काढली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. लाज वाटून त्याने पट्टा उगाचच वर ओढला.

मास्तरांनी पँटीची नीट घडी घातली. कात्री टेबलावरच पडून राहिली.

"चालायला कुठे जायचात?"

"तळ्यापर्यंत आणि परत."

"आता इकडून येत जा. अंतर तेवढंच पडेल. मी इथेच वर राहतो. पाचपासून जागा असतो, या वयात झोप कुठली? खालून हाक मारा आणि विचारा, पँट झाली का म्हणून."

"आणि नसली झाली तर?"

"तर दुसऱ्या दिवशी विचारा."

"अहो, पण होणार कधी?"

मास्तर वायद्याचे पक्के. कापडाला हात लावायच्या आधी तारीख लिहायचे आणि त्या तारखेला, अंगात ताप असला तरी, कपडा इस्त्री करून हातात ठेवायचे. असा शिंपी मिळायला नशीब लागतं, असं गिऱ्हाइकं म्हणायची. त्यांनी पावती फाडली. चार पँटी, कंबर दोन इंच आत, एवढंच लिहिलं आणि तारखेची जागा कोरी सोडून ती ड्रायव्हरपुढे सरकवली.

"ते आत्ता नाही सांगता येणार," मास्तर म्हणाले. "हातात कामं फार आहेत."

ड्रायव्हरने त्यांच्या मागे पाहिलं. तयार कपड्यांची दांडी रिकामी होती. शिवायच्या कपड्यांच्या टोपलीत एकच शर्ट पडला होता, तोही लहान मुलाचा.

बायकोने पावती उचलून पर्समध्ये ठेवली.

"बरं," ड्रायव्हर म्हणाला. "उद्या येऊन विचारतो."