खारूची पाटी

“‘सकाळ आज अंमळ लवकर आली!’ उठल्या उठल्या असं लिहिलं तिनं,” सूनबाई तपासणी केंद्रातल्या ताईंना सांगत होती. “अंमळ! सात वर्षांची पोर. मला स्वतःला हा शब्द लग्नानंतर कळला, बाबांच्या तोंडून.”

“माझ्याकडूनच उचलला असणार,” आजोबा संकोचून म्हणाले. “रोज वाचून दाखवतो ना तिला.”

नात मधल्या खुर्चीत होती. खारीसारखी चुळबुळी, म्हणून घरात खारूच म्हणत. आत्ताही तिचा डावा हात आईच्या पिशवीतली पाण्याची बाटली ओढत होता.

“ओढू नकोस गं, सांडेल.” सूनबाईनं पिशवी पलीकडे सरकवली. “हा एक हात म्हणजे नुसता वळवळ्या आहे बघा. सारखे चाळे.”

ताईंनी बाटली काढून खारूच्या ओठांना लावली. खारू घटाघट प्यायली.

“तहान लागली होती वाटतं.”

“असेल. पण मग पाटीवर सांगायचं ना, सांगता येतं तर!” सूनबाई हसली. आज तिला कशाचंही हसू येत होतं.

खारूला बोलता येत नव्हतं. तिच्या जनुकांत एक बारीकशी चूक होती, जगात फार थोड्या मुलांत सापडणारी. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं तेव्हा आजोबांना ते चटकन कळलं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. जाडजूड ग्रंथात एकच अक्षर भलतं पडलं की काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आयुष्यभर लोकांच्या चुका धरल्या आणि घरातलीच एक हातून सुटली, असं त्यांना उगीचच वाटत राही.

मग त्यांनी पाटी केली. गुळगुळीत लाकडावर सगळी अक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या स्वतः रंगवल्या. खारूचा उजवा हात थरथरे, म्हणून तिच्या डावीकडे बसून, पाठीमागून हात घालून ते तिच्या उजव्या मनगटाला आधार देत. सुरुवातीला नुसता गोंधळ. पण एक दिवस तिचं बोट एका अक्षरावर टेकलं, मग दुसऱ्यावर, आणि मग थांबेचना. काय एकेक वाक्यं! आजोबांना स्वतःची एक ओळ लिहायची छाती कधी झाली नव्हती. नातीच्या ओळी वाचताना त्यांचा ऊर भरून येई.

आज सगळं ठरणार होतं. पाटीवर खारू स्वतः बोलते, असं केंद्रानं लिहून दिलं की शाळा तिला तिच्या वयाच्या मुलांत बसवणार होती. गणवेश शिवून तयार होता. कालपासून तो खुंटीवरून उतरवून अंगाला लावून बघणं चाललं होतं.

“सोपं आहे, आजोबा,” ताई समोर बसत म्हणाल्या. “मी चित्र दाखवणार, खारूनं नाव सांगायचं.”

आजोबा सूनबाईच्या खुर्चीत, खारूच्या डावीकडे येऊन बसले, पाटी मांडून त्यांनी तिचं उजवं मनगट धरलं. सूनबाई मोबाइल सरसावून मागे उभी राहिली. “हं, खारू! दाखव तुझा हिसका!”

ताईंनी ओंजळीत कार्ड धरून खारूच्या डोळ्यांपुढे नेलं आणि पालथं ठेवलं. मग तसंच ओंजळीत धरून आजोबांपुढे आणलं. किल्ली. तेही पालथं ठेवलं, थोडं अलीकडे.

बोट निघालं. कि. ल्ली.

तेवढ्यात खारू खुर्चीतून इतकी वाकली की पडते की काय असं वाटलं. तिनं आजोबांचा बूट धरला होता आणि ती तो ओढत होती.

“सरळ बस गं माझे आई,” आजोबा कानकोंडे झाले.

दुसरं चित्र. छत्री. बोट ‘छ’वर गेलं आणि खारू आजोबांच्या डाव्या मनगटावरच्या घड्याळाला लोंबकळली.

“बाबा, तो हात धरून ठेवा ना जरा!” मागून सूनबाई.

“नको!” ताई जवळजवळ ओरडल्याच. “मोकळा असू दे तो.” त्यांचे गाल लालबुंद झाले होते. आजोबांना जरा वाईट वाटलं. इतकी सरळ उत्तरं येत होती आणि ताईंचं पाटीकडे लक्षच नव्हतं.

तिसरं चित्र. मासा. या वेळी खारूनं आजोबांचा चष्माच ओढून काढला. पाटी धूसर झाली. खारूचं बोटही थबकलं. आजोबांनी चाचपडत चष्मा परत घेतला, नाकावर चढवला, तेव्हा कुठे बोट पुढे निघालं. मा. सा.

“माफ करा हं,” ते म्हणाले. “आज चाळे फारच करतेय. नवी जागा ना.”

ताई उठून उभ्या राहिल्या होत्या. “आई, इकडे या. मोबाइल चालूच ठेवा. हे तुम्हाला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटेल.”

“म्हणजे जमलं ना? बोलली ना ती?”

“बोलली. तीनही वेळा.”

सूनबाईनं खारूचा पटकन मुका घेतला. ताईंनी आजोबांच्या बाजूची कार्डं एकेक करून उलटली. किल्ली. छत्री. मासा. सूनबाई टाळ्या पिटायला लागली. आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मोठ्या ग्रंथाचं शेवटचं पान एकही चूक न सापडता हातावेगळं झालं की वाटे, तसं त्यांना वाटलं.

ताई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. पाटीवरचा त्यांचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

“आजोबा, ही तुम्हाला दाखवलेली कार्डं,” त्या हळूच म्हणाल्या. “खारूला दाखवलेली ती.”

आणि त्यांनी पलीकडची रांग उलटली.

बूट. घड्याळ. चष्मा.