झोपेतले दात

बायको, संतरो, गेल्याचा फोन आला तेव्हा सुमेरच्या दोन्ही हातांत बॉक्सिंगचे पॅड होते आणि त्याची शिष्या भतेरी त्यांवर ठोसे मारत होती. कुणीतरी फोन त्याच्या कानाला लावून धरला. रोहतकच्या इस्पितळातून मेहुणा बोलत होता. सुमेरने ऐकलं, मान हलवली, आणि फेरीची उरलेली चाळीस सेकंदं पॅड धरून उभा राहिला. आपण मारत होतो तेव्हाच कोचसाहेबांना कळलं होतं, हे भतेरीला संध्याकाळी समजलं. "मला थांबवायचं तरी," ती पुढे कितीतरी दिवस म्हणत होती.

चार महिन्यांनी एका सकाळी चूळ भरताना त्याच्या डाव्या दाढेचा तुकडा बाहेर आला. तो कागदात गुंडाळून सुमेर भिवानीच्या बाजारात दातांच्या डॉक्टरीणबाई निर्मलकडे गेला.

तिथे त्याच्याच क्लबातल्या तीन मुली बसल्या होत्या. राज्याच्या लढती जवळ आल्या की सगळ्या निर्मलकडे गार्डसाठी, ठोशांपासून दात वाचवणाऱ्या रबरी कवचासाठी, दातांचं माप द्यायला येतात. भतेरी खुर्चीत होती, तोंडात माप घ्यायचा गुलाबी लगदा. माप निघाल्यावर ती उठली आणि सुमेर बसला.

निर्मलने आत दिवा धरला. बराच वेळ धरला.

"ताऊ," थोरल्या काकांना म्हणतात तसं ती म्हणाली, "झोपेत दात खाता का?"

"खातो म्हणायची."

"कोण?"

"तुझी काकू, संतरो. रोज रात्री म्हणायची, ओ, चक्की बंद करा. कानाखाली अंगठा दाबायची. मग मी कूस बदलायचो."

"आणि आता?"

"आता गार्ड घालून झोपतो." सुमेरने खिशातून डबी काढली. आत त्याचं रिंगमधलं लाल गार्ड होतं. दोन्ही बाजूंनी चघळून त्याला भोकं पडली होती.

"कोचसाहेब," भतेरी ओठाचा लगदा पुसत म्हणाली, "एवढं तर माझंही फाटलं नाही. रात्री कुणाशी लढता?"

"गप बस. तू परवा डावा हात खाली सोडत होतीस."

निर्मलने गार्ड उजेडात धरलं. "हे झोपताना घालायला कुणी सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? बावीस वर्षं यानेच दात वाचवले."

"ते ठोशांपासून. हे मऊ आहे, ताऊ. झोपेत मऊ काही तोंडात आलं की काहींच्या जबड्याला वाटतं, खायला दिलंय. मग तो आणखी चावतो. चार महिने तुम्ही त्याला खुराक दिलात." तिने डबी बंद केली. "ही दाढ मी भरेन. पण शेजारच्या दोन्हींना चीर गेली आहे. असंच चाललं तर वर्षभराने बाजरीची खिचडीसुद्धा न चावता गिळावी लागेल. रात्रीसाठी वेगळं बनवते. कडक."

सुमेरने तोंड उघडलं. लगदा थंड होता.

तीन दिवसांनी तो गार्ड आणायला गेला. मुलींची गार्डं त्याच दिवशी तयार झाली होती, त्याही ती न्यायला आल्या होत्या. त्यांची निळी आणि हिरवी. त्याचं पातळ, बिनरंगाचं, नखासारखं टणक. निर्मलने ते वरच्या दातांवर बसवून पाहिलं, एका कोपऱ्यात घासलं, पुन्हा बसवलं.

"गार पाण्यानेच धुवा. बसलंय ते नीट. पण काम करतंय का, हे मला बघून कळणार नाही. आठ दिवसांनी आवाज थांबला का तेवढं कळवा. थांबला नाही तर मला आणखी घासावं लागेल, नाहीतर दाढा जातील. झोपणाऱ्याला स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून घरात कोणी—"

ती थांबली. सगळ्यांनाच सांगायचं ते वाक्य होतं, तोंडातून निघून गेलं.

"घरात म्हैस आहे," सुमेर म्हणाला. "तिला विचारतो."

दोघी मुली हसल्या. भतेरी हसली नाही. तिने त्याच्या हातातला फोन घेतला आणि आवाज टिपून ठेवायचं काहीतरी उघडून दाखवलं.

"झोपताना हे लाल बटण दाबायचं. फोन उशाशी ठेवायचा. सकाळी ऐकायचं. नाहीतर मला द्या, मी ऐकते."

"माझं घोरणं ऐकणार तू?"

"रोज तुमचं ओरडणं ऐकते. घोरणं त्याहून काय वाईट असणार?"

पहिल्या रात्री त्याने बटण दाबलं. सकाळी चहाचा पेला घेऊन खाटेवर बसला आणि फोन कानाला लावला. पंख्याची घरघर. खाटेच्या सुतळीचा आवाज. मग श्वास, एकाच माणसाचा. तो ऐकत राहिला. चहा गार झाला. दात वाजायची वाट बघत होता, असं त्याला वाटत होतं. मग त्याच्या लक्षात आलं, दात वाजल्यानंतर 'चक्की बंद करा' म्हणणारा जो आवाज यायचा त्याची आपण वाट बघतोय.

त्याने फोन बंद केला.

गार्ड तो रोज घालतो, सकाळी गार पाण्याने धुतो. बटणही दाबतो, पण ऐकत नाही. फोनमध्ये आता अकरा रात्री साठल्या आहेत. डॉक्टरचे दोन फोन येऊन गेले. आवाज थांबला की नाही, ते तिला अजून कळवायचं आहे.