पाव इंचाची काच

"ह्या जाडीची एकच काच हाय दुकानात," म्हाळसाबाई म्हणाल्या. "दुसरी पुण्यास्नं यायला आठ दिस लागत्याल. बोला भाऊ, कापायची का?"

सावळारामनं मान हलवली. त्याच्यापुढं दुसरा रस्ताच नव्हता.

बाहेर बारामतीच्या पेठेत, चैत्राच्या उन्हात, आप्पासाहेबांची मालमोटार उभी होती. चहूबाजूंनी बंद असलेली ही मोटार त्यांनी गेल्याच साली, अडतीसच्या दिवाळीला, निमगाव केतकीच्या पानमळ्यांसाठी मुद्दाम बांधून घेतली होती. विड्याच्या पानाला गरम वारा सोसत नाही. बैलगाडीत निम्मी पानं वाटेतच वाळायची. मोटारीतून ती हिरवीगार स्टेशनावर पोचू लागली आणि सावळाराम ड्रायव्हरला गावोगाव मान मिळू लागला.

परवा अंथुर्ण्याजवळ घात झाला. समोरून येणाऱ्या बैलगाडीतून बाहेर आलेला वासा दारावर आदळला आणि काच फुटली. मोटारीत ड्रायव्हर आणि माल यांच्यामध्ये आडोसा नव्हता. झळ सरळ पानांवर गेली, सगळा माल वाळला. काल त्यानं खिडकीला गोणपाट बांधलं. वाऱ्यानं ते सुटून तोंडावर आलं, आणि मोटार रस्त्याकडेच्या चारीत जाता जाता वाचली. पानमळेवाले म्हणाले, आज शेवटचं बघू, न्हाईतर आपली बैलगाडीच बरी. आप्पासाहेब म्हणाले, तसं झालं तर मोटार विकून टाकतो. ड्रायव्हरचं काय होईल, ते कुणी बोललं नाही.

दुकानाच्या पाटीवर नाव जोतीराम तसबीरवाल्यांचं होतं. सावळारामनं कारागिराची चौकशी केली होती, तेव्हा बाईंनी आतल्या खोलीकडं बोट दाखवलं. "बाजंवर हाईत. महिना झाला, उजवं अंग गेलंय त्यांचं. काच तुमाला आजच पायजे न्हवं? मग चला, दार दाखवा."

बाईंनी आधी दाराच्या खाचेतले काचेचे तुकडे पकडीनं एकेक करून काढले. खाचेतली लोकरीची पट्टी कुजली होती. त्यांनी जुन्या घोंगडीची पट्टी कापून तिथं बसवली. मग पुठ्ठा घेऊन खिडकीचा नमुना कापला. तो दारात बसवून पाहिला, काढला, कोपरा जरासा गोल केला, पुन्हा बसवला. समाधान झालं नाही, तेव्हा दुसरा पुठ्ठा घेतला.

सावळाराम उन्हाकडं बघत होता. दुपारपर्यंत निमगाव गाठायचं होतं. पण घाई करा म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. पुण्याचे मिस्त्री त्यानं पाहिले होते. विडी ओढत, गप्पा मारत, निम्मं लक्ष रस्त्यावर ठेवून ते काच कापायचे. या बाईंचं तसं नव्हतं. त्यांना जणू दुसरं काही दिसतच नव्हतं.

काच मेजावर आली. खाली चादर अंथरलेली. बाईंनी पुठ्ठ्याचा नमुना तिच्यावर ठेवला आणि जिथून कापायचं तिथून रॉकेलचं बोट फिरवलं. मग फडक्याची गाठ दातांनी सोडून काच कापायचा हिरा बाहेर काढला. पेन्सिलीएवढी दांडी, टोकाला बारीकसा कण.

"रेघ एकदाच मारायची असती," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा हिरा फिरवला की काच गेलीच. गेली तर नुकसान माझं, भाऊ. पर तुमचा आजचा दिस मी भरून देऊ शकत न्हाय. हो म्हणताय न्हवं?"

"मारा रेघ," सावळाराम म्हणाला.

आतून बाजेची करकर ऐकू आली आणि थांबली.

बाईंनी श्वास घेतला. हिरा काचेवर टेकला आणि पलीकडच्या कडेपर्यंत न थांबता गेला. कापड फाटावं तसा बारीक आवाज आला. त्यांनी काच मेजाच्या कडेला आणली, रेघेखाली दोनदा टिचकी दिली आणि दोन्ही हातांनी दाबली. टक्‌! सरळ तुटली. अशा चार बाजू झाल्या. गोल कोपरा त्यांनी ओल्या दगडावर घासून काढला. घासताना बोट कापलं, तरी हात थांबला नाही.

काच दारात बसली. सावळारामनं हँडल फिरवलं. ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. जराही खडखडली नाही. त्यानं मोटार चालू केली आणि निमगावचा रस्ता धरला.

दिवस मावळायच्या आत तो परत आला. स्टेशनावर गाडीत चढलेलं एकेक पान मळ्यातून आत्ताच खुडल्यासारखं होतं. पुढच्या आठवड्याचा सगळा माल मोटारीनंच न्यायचा, असं पानमळेवाल्यांनी सांगून टाकलं होतं. पानांची एक जुडी घेऊन सावळाराम थेट दुकानात गेला. सकाळी तो बाईंना नुसतं बाई म्हणत होता. आता त्याच्या तोंडून आपोआप दुसरंच आलं.

"अक्का, पुण्यात बी असा हात बघितला न्हाय मी. किती वर्सं झाली काच कापताय?"

म्हाळसाबाईंनी जुडी घेतली. त्यांच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. बाजेवरचे जोतीराम मान वळवून त्यांच्याकडंच बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"वीस वर्सं हे कापायचे आन्‌ मी काच धरायची," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं कापलेली ही पैलीच."