मडमेचे दोन शब्द

मडमेनं नंदाच्या छातीवरून नळी उचलली, मान हलवली आणि तेच दोन शब्द म्हणाली. गिव्ह अप.

धर्मराजला ते शब्द तोंडपाठ होते. मोगलाईत शहाणी माणसं उर्दू शिकून तहसिलात चिकटली. हा पठ्ठ्या इंग्रजी शिकला आणि जालन्यात या गोऱ्या डॉक्टरणीच्या दवाखान्यात दुभाष्या झाला. मडम बोलायची, हा मराठीत सांगायचा. बाकीच्या इंग्रजीला मराठीत एकेक शब्द पुरायचा. या दोन शब्दांना मात्र माणूस बघून शब्द काढावा लागे. समोर शेतकरी असला तर 'बाईंनी हात टेकले.' जुन्या जालन्यातला आडत्या असला तर 'आता इलाज राह्यला न्हाई.' म्हातारी असली तर 'देवावर हवाला ठेवा.' आणि एखादा फारच खचलेला दिसला, तर नुसतं 'गाडी जुंपा' म्हणायचं. त्यात सगळं आलं. इकडच्या माणसाला मरण यावं तर आपल्या घरात यावं, तोंडात तुळशीचं पाणी पडून यावं, असं वाटतं. मग लोक बाज उचलायचे. तिचं एक टोक धर्मराज स्वतः धरायचा. माणूस वाईट नव्हता. घरी गेल्यावर बायकोला सांगायचा, "आजबी कुणाला तोडून बोललो न्हाई."

आज समोर ती बायकोच होती, द्वारकाबाई. आणि बाजेवर त्यांची एकुलती एक पोर, नंदा. नवसासायासांनी, उशिरा झालेली. घटसर्पानं तिचा गळा आतून धरत आणला होता. प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा आणि मानेखालचा खळगा आत ओढला जायचा. आई पदरानं वारा घालत होती. पदराच्या वाऱ्यानं काय होणार होतं? पण हात थांबवायची तिला भीती वाटत होती.

"काय म्हन्ल्या बाई?" तिनं विचारलं.

धर्मराजनं तोंड उघडलं. हात टेकले? इलाज नाही? देवावर हवाला? लोकांच्या लेकरांना हे शब्द चालले होते. आपल्या लेकराला त्यातला एकही चालेना. इतकी वर्षं जिभेवर साखर ठेवून फिरणारा माणूस, आज त्याला धड एक शब्द सुचेना.

"गाडी जुंपतो," तो कसाबसा म्हणाला.

द्वारकाबाईला अर्थ विचारायची गरज पडली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं. मडम आपली पेटी आवरायला लागली होती. धर्मराजनं सवयीनं बाजेचं एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला द्वारकाबाई उठलीच नाही. ती खाली बसली आणि बाजेचा खूर तिनं दोन्ही हातांनी कवटाळला.

"गाडी जुंपायची न्हाई," ती म्हणाली. "त्यांना सांगा, मी लेकराला इथून उचलत न्हाई. काय वाट्टेल ते करा म्हणा. जीव गेला तर इथं जाऊ द्या, पर कायतरी करा म्हणा."

"असं सांगत न्हाईत गं. त्यांनी सोडलं म्हंजे सोडलं."

"त्यांचं मला सांगितलं न्हवं? मंग माझं त्यांना सांगा."

त्या दोन शब्दांनंतर दवाखान्यात पुन्हा इंग्रजी बोलायची वेळ धर्मराजवर कधी आली नव्हती. तो अडखळला. तोंडात मोडकंतोडकं इंग्रजी. पण बायको बोलली तसं, तेवढंच, त्यानं सांगितलं.

मडमेचा पेटीवरचा हात थांबला. "हे तू म्हणतोस, की ती?"

"ती."

मडमेनं पेटी पुन्हा उघडली. बाह्या वर सारत तिनं नर्सला पाणी उकळायला पिटाळलं. एक वाट अजून होती. गळ्याला खालच्या बाजूनं छेद घ्यायचा, त्यात नळी बसवायची आणि श्वासाला नवं दार करून द्यायचं. पोर हाताखालीच दगावू शकत होती. वाचूही शकत होती.

"मंग आधी का बोलला न्हाईत, बाई?" धर्मराजनं इंग्रजीत विचारायचं ते मराठीतच विचारलं. भाषा तिला कळली नाही, चेहऱ्यावरून प्रश्न कळला.

"आईबापांनी म्हटल्याशिवाय मी लेकराच्या गळ्याला सुरी लावत नाही," हात धूत मडम आपल्या भाषेत म्हणाली. "आमच्याकडे मी हरले म्हटलं की माणसं भांडतात, अजून काही करा म्हणून पिच्छा पुरवतात. मग शेवटची जोखीम घेता येते. तुमचे लोक मुकाट्यानं बाज उचलून चालायला लागतात. मला वाटायचं, यांची हीच रीत. इतक्या वर्षांत एकानंही मला म्हटलं नाही, की बाई, अजून एकदा बघा."

धर्मराजच्या हातातून बाजेचं टोक सुटलं.

म्हटलं होतं. प्रत्येकानं म्हटलं होतं. दाराबाहेर धर्मराजचे पाय धरून, मराठीत.