काळभूपची गाठ

“फक्त हात दिसू दे. तोंड आणू नको कॅमेऱ्यात,” रोशन म्हणाला. “अन् बोटाले थोडी माती लाव. गावचे हात वाटले पायजे.”

खिडकीतल्या कुंडीतली माती त्याने कागदावर काढूनही ठेवली होती. सुरभीने कागद बाजूला सारला. ती कालच अल्लीपूरहून आली होती. दोन दिवस आईबरोबर कापूस वेचून, बोंडांची टोकं लागून तिची बोटं सोलवटली होती. रोशनला ते दिसलं नाही. सख्खा चुलतभाऊ, पण स्वतःच्या पलीकडचं त्याला सहसा दिसत नसे.

भानगड एका व्हिडिओ गेमची होती. त्यातला खलनायक राजा काळभूप शेवटपर्यंत मुखवटा काढत नाही. त्यामागे कोण, यावर खेळणारे वर्षभर डोकं फोडत होते. कोणी म्हणे नायकाचा बाप, कोणी म्हणे मेलेला सेनापती. दिवाळीत रोशनच्या लॅपटॉपवर खेळताना सुरभीची नजर काळभूपच्या कमरेवर गेली. खेळातल्या पहिल्या गावात नायकाला भाकर देणारी एक म्हातारी आहे, तिच्या कमरेच्या फडक्याची गाठ अगदी तशीच. डावं टोक ओढलं की झटक्यात सुटणारी, उजवं ओढलं की आवळत जाणारी. सुरभीच्या गावच्या बाया कापूस वेचायची ओटी अशीच बांधतात, भरली की पटकन रिकामी करता यावी म्हणून.

“दादा, हा राजा नाई. ते भाकरवाली म्हातारी हाय,” ती म्हणाली होती. रोशन तेव्हा पोट धरून हसला होता.

पंधरा दिवसांनी त्याचा व्हिडिओ आला, ‘मी शोधलं काळभूपचं रहस्य’. शोधलं म्हणे! चाळीस हजार लोकांनी पाहिला. सुरभीचं नाव त्यात औषधालाही नव्हतं. आता लोक विचारत होते, ती गाठ बांधून दाखवा की. ती याला येत नव्हती, म्हणून बहिणीची आठवण झाली. सावंगीतली त्याची खोली तिच्या होस्टेलपासून दोन गल्ल्यांवर. ‘काकूचं वेचणीचं फडकं घेऊन येजो,’ एवढा निरोप.

“मायं नाव घेशीन ना?” तिने विचारलं.

“अवं, पोरीनं शोधलं म्हटलं तर पटन का या लोकाईले? शेवटी पाहू.”

शेवटी पाहू म्हणजे काय, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. राग कानापर्यंत चढला. तरी तिने पिशवीतून आईचं फडकं काढलं. त्याने एकदा नाव घेतलं असतं, नुसतं एकदा, तर ती सगळं विसरायला तयार होती.

लाइव्ह सुरू झालं. रोशनने काळा झगा घातला होता, पुठ्ठ्याचा मुखवटा कपाळावर सरकवला होता. नऊशे लोक पाहत होते. सुरभी बाजूला वाकून त्याच्या कमरेभोवती फडकं गुंडाळू लागली. पडद्यावर तिचे फक्त हात.

“मित्रांनो, मी कास्तकाराचा मुलगा,” तो कॅमेऱ्यासाठी ठेवणीतलं मराठी बोलू लागला. “लहानपणापासून आईसोबत वेचणीला जायचो. ही गाठ माझ्या हातातच बसली आहे.”

त्याची आई हिंगणघाटला कापडाच्या दुकानात बसते. वेचणीला तर रोशन कधी बांधावरही आला नव्हता. ओटी बांधलेला पुरुष सुरभीने जन्मात पाहिला नव्हता.

तिचे हात थांबले. मग तिने गाठ पुरी केली, नीट मारली आणि हात काढून घेतले.

“मग सोडून दाखव,” ती कॅमेऱ्याबाहेरून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण माईकने बरोबर टिपला.

रोशन हसला. त्याने उजवं टोक ओढलं. गाठ आवळली. पुन्हा ओढलं, आणखी आवळली. खाली लोकांचे शेरे धावू लागले. एकाने विचारलं, कैची पाठवू का?

त्याने माईकवर तळवा दाबला. “सुरभे, सोड लवकर. काऊन असं करून राह्यली?”

“तोंड आणू नको म्हटलं ना तू,” ती म्हणाली.

चपला घालून ती जिना उतरली. खाली चहाच्या टपरीपाशी उभं राहून तिने फोन उघडला. लाइव्ह चालूच होतं. रोशनने बंद केलं असतं तर नऊशे जणांपुढे हरल्यासारखं झालं असतं. तिने लिहिलं, आणि वर तिचं नाव आपोआप उमटलं, सुरभी, अल्लीपूर.

‘दादा, मी खाली उभी हाय. मायं नाव घेऊन बोलव, गाठ सुटते.’

रोशनने ती ओळ वाचली. वाचताना त्याचे ओठ हलले, ते तिला पडद्यावर स्पष्ट दिसलं. मग त्याने कपाळावरचा मुखवटा खाली ओढला आणि पुन्हा उजवं टोक धरलं.